ज्यांचे रान, त्यांना विचारा!

३० जुलै २०१४ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसे चिखलाखाली गाडली गेली. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, ३० जुलै २०२४च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यातील मुंडक्काई आणि चुरलमला ही गावे दरडीने पुसून टाकली. अडीचशेहून अधिक बळी गेले. मधल्या काळात महाडचे तळिये गेले, खालापूरची इर्शाळवाडी गेली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. दर वेळी मंत्र्यांच्या गाड्या आल्या, मदतीचे धनादेश आले, पुनर्वसनाच्या घोषणा झाल्या. सह्याद्रीचे काय करायचे, याचा निर्णय मात्र आला नाही.

वायनाडच्या मढ्यांवरची माती अजून ओली असताना, दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला केंद्र सरकारने पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढली. अंतिम नव्हे, मसुदा! तोही सहावा! पहिला मसुदा मार्च २०१४मध्ये निघाला होता. ५६,८२५ चौरस किलोमीटर प्रदेश, त्यातला १७,३४० चौरस किलोमीटर आपल्या महाराष्ट्राचा. मसुदा निघतो, मुदत संपून मरतो, नवा मसुदा निघतो, आणि सहा राज्यांची सरकारे प्रत्येक वेळी आमची गावे वगळा म्हणून हाकाटी करतात. दहा वर्षे कागद फिरवून ज्यांनी डोंगर वाऱ्यावर सोडला, त्यांना आम्ही या बळींच्या जबाबदारीतून मोकळे करणार नाही.

प्रत्येक दरड माणसानेच पाडली, असे आमचे म्हणणे नाही. सह्याद्रीच्या उतारांवर अतिवृष्टीत दरडी पूर्वीही कोसळत होत्या. पण धोका कोठे अधिक आहे आणि कोठे हात लावू नये, हे सांगणारे शास्त्र आपल्याकडे होते की नाही? होते. मुंडक्काई आणि चुरलमला ज्या वैथिरी तालुक्यात येतात, तो तालुका माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ सालीच सर्वाधिक जपणुकीच्या पहिल्या वर्गात घातला होता. तेरा वर्षे आधी! आणि दरडीखाली गेले कोण? इर्शाळवाडीच्या ठाकरांनी कोणता डोंगर पोखरला होता? चहाच्या मळ्यात राबणाऱ्या मजुरांनी कोणती खाण खणली होती? ज्याने काही बिघडवले नाही तो मेला, आणि ज्याने निर्णय दडपला तो निवडून आला.

दडपला हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. मार्च २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेच ही समिती नेमली. ३१ ऑगस्ट २०११ रोजी तिने अहवाल दिला. मंत्रालय त्यावर बसून राहिले. माहितीच्या अधिकारात एका नागरिकाने तो मागितला, तर नकार दिला. केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, तर लोकांचे हे सरकार लोकांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले! तेथे हार खाल्ल्यावर, मे २०१२मध्ये, अहवाल नाइलाजाने बाहेर आला. लोकांच्या पैशातून, लोकांच्या डोंगरांविषयी लिहिलेला अहवाल लोकांपासूनच लपवायचा, याला लोकशाही म्हणणाऱ्याची आम्हाला लाज वाटते.

त्या अहवालात असे काय होते, ते समजायला आधी तो लिहिणारा माणूस समजून घेतला पाहिजे. पुण्यात वाढलेले, हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले माधव गाडगीळ सत्तरच्या दशकाच्या आरंभी मायदेशी परतले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळू लागले. त्या काळी शिकलेल्या माणसाच्या लेखी देवराई म्हणजे अडाण्यांची अंधश्रद्धा. या दोघांनी १९७६ साली जगापुढे मांडले की आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असताना मूळच्या अरण्याचे हे तुकडे टिकले ते गावकऱ्यांनी पाळलेल्या बंधनामुळे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी त्यांना कळवले की आमची राई तोडीतून वाचवा. भोवतालची झाडी गेली तसे ओढे आटले, राईतून निघणारा ओढा तेवढा वाहता राहिला, हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. हे त्यांना कोणत्या विद्यापीठाने शिकवले नव्हते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातली बांबूची कथा तर प्रत्येक वनाधिकाऱ्याला पाठ असली पाहिजे. कागद गिरणीला बांबू नाममात्र दराने मिळत होता आणि टोपल्या विणून पोट भरणारे मेदार बांबूविना उपाशी मरत होते. बांबूची बेटे झपाट्याने संपत होती. वनखात्याचे उत्तर ठरलेले होते: दोष गावकऱ्यांचा आणि त्यांच्या गुरांचा. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. ते काढले की बेट मोकळे होऊन चांगले वाढते, असे मानून खात्याने काटे साफ करण्याचा सपाटा लावला होता. गावकरी म्हणत होते, अहो, ते काटे कोवळ्या कोंबांचे कुंपण आहे, ते काढले की गुरे कोंब खातात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप घेतले. गावकरी खरे निघाले. खात्याचे ‘शास्त्र’ खोटे निघाले. सरकारी टोपीखालची समजूत म्हणजे शास्त्र आणि डोंगरातल्या माणसाचे निरीक्षण म्हणजे अडाणीपणा, हा दीडशे वर्षांचा गोऱ्या अमदानीचा वारसा त्या काट्यांनी फाडून टाकला.

सह्याद्रीतली जीवसृष्टी एकसारखी पसरलेली नाही, हेही या संशोधनातून पुढे आले. दक्षिणेकडे पाऊस वर्षातले सात-आठ महिने पडतो, तेथे सदाहरित वृक्षांची आणि जगात इतरत्र नसलेल्या बेडकांची दाटी आहे. उत्तरेकडे, आपल्याकडे, चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांचे ऊन. पण म्हणून महाराष्ट्र दरिद्री नाही. आपले धन कातळसड्यांवर आहे. पावसाचे थेंब पडताच काळ्या दगडाच्या खळग्यांतून उगवणारी इवलीशी फुलझाडे ही या सड्यांचीच लेकरे. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी २०१२ साली जागतिक वारसा झाले ते उगीच नव्हे. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या याच कातळसड्यांना सरकार काय म्हणते? पडीक जमीन! ज्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे आणि वाघ कोरून ठेवले, तो कातळ पडीक! ज्यावर गाव पावसाळ्यात गुरे चारते आणि जिथे मुरलेले पाणी खालच्या विहिरींना मिळते, तो पडीक! एकदा पडीक म्हटले की कारखान्याला देता येतो. आम्ही बजावतो, सडा पडीक नाही. ज्या कागदावर तसे लिहिले आहे तो कागद खोटा आहे.

जीवसृष्टी अशी तुकड्यातुकड्यांत, राईत, सड्यावर, खाडीत, शेताच्या बांधावर विखुरलेली असेल, तर एका अभयारण्याला तारेचे कुंपण घालून बाकीचा डोंगर विकून टाकणे म्हणजे संरक्षण नव्हे. म्हणूनच गाडगीळ समितीने १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा सगळा पश्चिम घाट चौकटी आखून तपासला, तो सगळाच संवेदनशील मानला आणि त्याचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात नव्या खाणी नकोत, अतिप्रदूषक कारखाने नकोत, नवी मोठी धरणे आणि गिरिस्थाने नकोत. पण वाढत्या लोकसंख्येसाठी गावठाण वाढवायला मुभा होती. देवराई राखणाऱ्याला, मातीचा कस वाढवणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला द्यावा, असे सुचवले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे वर्ग अंतिम नाहीत, ग्रामसभांपुढे जाऊन त्यांच्या म्हणण्याने ठरवावेत, असे स्पष्ट लिहिले होते.

आणि गावांना काय सांगितले गेले? घर बांधता येणार नाही! विहीर खणता येणार नाही! गुरे पाळता येणार नाहीत! ही थाप खाणमालकांच्या, क्रशरवाल्यांच्या आणि जमीन दलालांच्या तोंडून निघाली आणि सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी ती गावोगाव फिरवली. सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव करून समितीकडे दिले होते, हे एकाही पुढाऱ्याने व्यासपीठावरून सांगितले नाही. सावंतवाडी-दोडामार्गच्या अरण्यपट्ट्यासाठी लोकांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२४ साली न्यायालयाला सरकारचा कान धरावा लागला.

विकासाचे काय, रोजगाराचे काय, हा प्रश्न आम्ही टाळत नाही. तो खरा आहे. कोकणातला तरुण मुंबईला जातो, घराला कुलूप लागते, ही वेदना खोटी नाही. पण लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीकडे पाहा. गाडगीळ समितीने नोंदवले आहे की तेथे सुमारे ११ हजार लोकांना काम मिळाले आणि प्रदूषणाने दाभोळ खाडीतल्या २० हजार मासेमारांचे काम गेले. हा कसला रोजगार? एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात निम्मे वाढायचे आणि उरलेले खाडीत ओतायचे! आणि याविरुद्ध बोलू पाहणाऱ्यांचे काय झाले? ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी लागू होती, अशीही नोंद त्याच अहवालात आहे. मेलेला मासा हातात घेऊन पाच माणसे उभी राहिली तरी तो गुन्हा! प्रदूषणाचा कायदा मोडणाऱ्याला मोकळीक आणि त्याकडे बोट दाखवणाऱ्याला पोलीस.

पुढे गाडगीळ अहवालाचा फेरविचार करायला सरकारने नेमलेला कस्तुरीरंगन गट आला. त्याने क्षेत्र निम्म्याहून कमी केले, हे तर झालेच. पण त्याहून मोठा अपराध असा की आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही, अशी भूमिका त्याच्या अहवालात आली. गाडगीळांनी मे २०१३मध्ये खुले पत्र लिहून तिचा निषेध केला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावाला जे दिले, ते एका समितीने काढून घ्यायचे? ज्याच्या डोक्यावर दरड कोसळणार, ज्याच्या विहिरीत रसायन उतरणार, त्याला मत नाही?

त्याला मत दिले की काय घडते, ते गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने दाखवले आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर त्या गोंड गावाने जंगल विकून खाल्ले नाही. गावाने स्वतःचे नियम केले, बांबूची तोड स्वतः ठरवली, उत्पन्न गावाच्या नावे ठेवले. ठेकेदाराच्या काळात जे जंगल लुटले जात होते, ते गावाच्या हाती सांभाळले गेले.

असाच हक्क प्रत्येक गावाला जैवविविधता कायद्याने २००२ सालीच दिला आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, तिच्याकडे लोक-जैवविविधता नोंदवही हवी. आपल्या शिवारात कोणती झाडे, कोणते मासे, कोणती बियाणी, कोणती औषधे, कोणाला त्यांची काय माहिती, हे गावानेच लिहायचे. ही कल्पना गाडगीळांच्याच प्रयोगांतून आकाराला आली. अठरा वर्षे बहुतेक राज्यांनी ती धूळ खात ठेवली. हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२०पासून दरमहा १० लाख रुपये दंडाचा बडगा दाखवला तेव्हा धावपळ सुटली, आणि म्हातारीकोतारी माणसे, गुराखी, सुईणी, कोळी यांना न विचारता नोंदवह्या भराभर उरकल्या गेल्या. २०२३ साली संसदेने त्या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षाही काढून टाकली. जंगलातली मुळी चोरणाऱ्या कंपनीला आता केवळ दंड भरून सुटता येते!

राज्य सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. गाडगीळ समितीचा अहवाल, काटछाट न करता, सोप्या मराठीत पश्चिम घाटातल्या प्रत्येक ग्रामसभेपुढे वाचा. वाचून झाल्यावर तिचा ठराव घ्या आणि तोच केंद्राकडे पाठवा. तोवर सातव्या मसुद्याची भाषा कोणी काढू नये.

आणि वाचकहो, सरकारची वाट पाहू नका. येत्या १५ ऑगस्टला तुमच्या गावची ग्रामसभा भरेल. तेथे उभे राहा आणि विचारा: आमच्या गावाची जैवविविधता समिती कोणती, तिचे सदस्य कोण, आणि ती नोंदवही कोठे आहे? वही मागा. उघडा. तुमच्या आजीला ठाऊक असलेली एकही रानभाजी तीत नसेल, तर ती वही तेथेच रद्द करण्याचा ठराव मांडा, आणि पहिले पान स्वतःच्या हाताने लिहायला घ्या.