ओळखीची किंमत कोणी मोजावी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास माढा तालुक्याच्या रस्त्यांवर बीड, धाराशिव, जालना या भागांतून येणारे ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, अंथरुणे, लहान मुले आणि कोयते असतात. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि एके काळी कोरडवाहू म्हणून ओळखला जाणारा हा तालुका उसाचा झाला. उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्यांसाठी ऊसतोड करणारी परजिल्ह्यातील कुटुंबे येऊ लागली. ही माणसे परदेशातून आलेली नाहीत. त्यांची भाषाही मराठीच आहे. तरीही येथे मुकादमाखेरीज त्यांना ओळखणारे कोणी नसते. परक्या मुलखात काम शोधणाऱ्याची पहिली अडचण कौशल्याची नसून ओळखीची असते. ती ओळख कोण करून देतो आणि तिची किंमत कोणाकडून वसूल होते, हा या विषयाचा गाभा आहे.

ऊसतोडीत ती किंमत मजूर मोजतो. हंगामाच्या काही महिने आधी मुकादम जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी बसते आणि तीतून उचल वळती होते. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि कुटुंबही त्याच मुकादमाकडे बांधले जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे असे कर्ज आहे, ज्याचा खातेउतारा कर्जदाराला बहुधा दिसतच नाही. पत्नी अर्धे काम करते. परंतु उचल पतीच्या हाती पडते आणि हिशेबही त्याच्याच नावाने राहतो. घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाचे काम सोडण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांविषयीचा कायदा मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. बीडहून माढ्याला येणारा त्यात बसला नाही.

ओळख नसलेल्याला काम मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ही कल्पना आपल्या देशात युद्ध आणि फाळणी यांतून रुजली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना नोकरी मिळावी म्हणून १९४५ साली सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. दोनच वर्षांत देशाची फाळणी झाली आणि याच कार्यालयांच्या दारात निर्वासित येऊन उभे राहिले. १९४८ च्या आरंभी ही सेवा सर्वच नोकरी शोधणाऱ्यांना खुली झाली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मराठी तरुणांनी ज्या कार्यालयात नाव नोंदविले, त्याचा पाया असा सैनिक आणि निर्वासित यांच्यासाठी घातलेला आहे. या सेवेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे ती विनामूल्य होती. काम मागणाऱ्याने ओळखीसाठी एक पैसाही द्यावयाचा नव्हता.

महाराष्ट्रात या काळाची सर्वांत मोठी खूण म्हणजे उल्हासनगर. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे राहिली आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांतील अनेक कुटुंबे मूळची व्यापारी होती. त्यांना नोकरीपेक्षा भांडवल हवे होते. त्यासाठी १९४८ च्या कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि विस्थापितांना धंद्यासाठी कर्जे देऊ लागली. ज्यांची घरेदारे सीमेपलीकडे राहिली, त्यांच्याकडे तारण कोठून असणार? अशा वेळी माणसाची उमेद हीच पत मानावी लागते.

सेवायोजन कार्यालयाला मात्र एक मर्यादा होती. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळविणे बंधनकारक केले. नेमणूक त्या यादीतूनच करण्याचे बंधन घातले नाही. कार्यालय नाव पाठवू शकत होते, हमी देऊ शकत नव्हते. लहान दुकानदार तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्यामुळे गावोगावच्या पेढ्यांत आणि दुकानांत माणूस ठेवण्याची रीत पूर्वीचीच राहिली: कोणीतरी सांगावे आणि कोणीतरी विश्वास ठेवावा.

हा विश्वास निर्वासितांच्या बाबतीत किती मोलाचा ठरतो, याचे उदाहरण हिवाळ्यात महाराष्ट्रातील अनेक शहरांत दिसते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. देशभरातील अशा वसाहतींतील कित्येक कुटुंबे थंडीत शहरोशहरी लोकरी कपड्यांचे तात्पुरते बाजार मांडतात. त्यांतला बराचसा माल लुधियानाच्या होजिअरी व्यापाऱ्यांकडून उधारीवर येतो आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता होतो. उधार मुकादमही देतो आणि लुधियानाचा व्यापारीही देतो. फरक असा की, व्यापाऱ्याच्या उधारीत तिबेटी विक्रेता आपल्या मालाचा मालक असतो आणि हिशेब दोघांच्याही वहीत असतो. मुकादमाच्या उचलीत माणूसच तारण होतो.

सोलापूर जिल्ह्यातील जैन व्यापारी समाजाला ही गोष्ट परकी वाटू नये. या समाजातील अनेक घराण्यांचे पूर्वज गुजरात-राजस्थानातून येथे आले, तेव्हा तेही परमुलखात पाय रोवणारेच होते. कोणाच्या तरी ओट्यावर त्यांना जागा मिळाली, कोणाच्या तरी पेढीवर काम मिळाले. माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे त्या काळी ‘बार्शी रोड’ नावाचे स्थानक. तेथून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. पुढे याच रेल्वेच्या विस्ताराचे काम घेऊन सोलापूरचे वालचंद हिराचंद ठेकेदारीत उतरले. रेल्वेतील कारकुनीचा अनुभव असलेले लक्ष्मणराव फाटक त्यांचे भागीदार होते. एकाकडे भांडवल आणि पत होती, दुसऱ्याकडे कामाची माहिती. अशी सांगड बसली म्हणजे दोघांचीही वाट मोकळी होते.

ओळखीची किंमत काम मागणाऱ्याकडून घेऊ नये, हे तत्त्व आज जगाने मान्य केले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारात खाजगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असे म्हटले आहे. हा विचार श्रावकाला नवा नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ आणि ‘अतिभारारोपण’ यांचा समावेश आहे. शास्त्रकारांसमोर बहुधा गोठ्यातील जनावर असेल. परंतु कर्जाच्या दाव्याला बांधलेला आणि शक्तीबाहेर राबविला जाणारा माणूस त्यातून वगळावा, असे कोणता श्रावक म्हणेल? सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितिकरण हे एक अंग आहे. धर्ममार्गावरून डळमळणाऱ्याला स्थिर करणे हा त्याचा मूळ अर्थ. पोटाची चिंता मिटल्यावाचून मन तरी कोठे स्थिर होते?

व्यापाऱ्यांच्या बाजूने एक रास्त तक्रार नेहमी ऐकू येते. आगाऊ पैसे घेऊन माणूस पळून जातो. ऊसतोडीत अनेक मुकादमही अशा प्रकारांत बुडाले आहेत. परंतु मोठी उचल ही पळून जाण्यावरची तोड नसून त्याचे कारण आहे. ज्याचे देणे कधीच फिटणार नाही असे त्याला वाटते, तो पळतो. आगाऊ रक्कम लहान असावी, तिची नोंद दोन प्रतींत असावी, एक प्रत कामगाराकडे राहावी आणि दरमहा वजावटीची मर्यादा आधी ठरावी. असा हिशेब सहसा बुडत नाही.

माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी येथील अडत दुकाने, गोदामे, कापड दुकाने येथे आज परजिल्ह्यांतील आणि परराज्यांतील माणसे काम करतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी खर्चाविना करता येतात. कामगाराचे जनधन खाते त्याच्या स्वतःच्या नावाने उघडून द्यावे. जोडपे असेल तर दोघांची खाती वेगळी असावीत आणि पत्नीची मजुरी तिच्याच खात्यात जावी. २६ ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. ती करून द्यावी. वर्षाला २० रुपये हप्त्यात दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो, तो उतरवावा. गावाकडच्या शिधापत्रिकेवर येथेही धान्य मिळण्याची सोय आहे, हे त्याला सांगावे. आणि तो काम सोडून जाऊ लागला, तर त्याने किती काळ कोणते काम केले याचे चार ओळींचे पत्र दुकानाच्या शिक्क्यानिशी द्यावे.

हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे आहे. परक्या गावात तो कागद म्हणजे त्याची पत असते. तो हाती असला, तर पुढचे काम शोधताना त्याला कोणाकडून उचल घेऊन ओळख विकत घ्यावी लागत नाही.