पडद्यातली खिडकी

परवा आजऱ्याला गेलो होतो. धो धो पाऊस, आणि वडापच्या जीपमध्ये मी पुढे डाव्या बाजूला. पडद्यातलं प्लॅस्टिक इतकं पिवळं की बाहेरचा आरसासुद्धा दिसेना. वळणावर मामा मलाच म्हणाले, "गाडी येत्या काय बघा जरा!" मला तरी कुठं दिसत होतं?

प्लॅस्टिक पडद्याला शिवलेलं, म्हणजे तेवढ्यासाठी अख्खा पडदा बदला. कोण करणार? उन्हानं पीव्हीसी पिवळं आणि ठिसूळ होतं, रेक्झिन त्याहून बरंच टिकतं. आयुष्यं वेगळी, मग कायमची गाठ कशाला? (आमच्या भाषेत टाईट कपलिंग!) फोर्डच्या उघड्या मॉडेल टीलाही (१९०८-२७) असेच पडदे असायचे. पुढे गाड्यांना काचा आल्या आणि पडद्याकडे कुणी बघेना. असो.

माझं मत: खिडकीला कापडी काठ शिवून चारी बाजूंनी वेलक्रो लावावं. नुसती प्रेस बटणं नकोत, मधून पाणी शिरतं. वर पडदा खिडकीवर चढलेला हवा आणि खाली खिडकी पडद्यावर, कौलं घालतो तसं. वेलक्रोत चिखल बसतो हे खरं, पण तो ब्रशनं निघतो.

उतरताना मामांना सांगितलं. म्हणाले, "गणपतीआधी एक करून बघूया की."