डाळीच्या पाण्यावर बाळ पोसत नाही

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की आपल्या घरांत डाळीचे पाणी सुरू होते. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. पालकसभेला तान्हे बाळ कडेवर घेऊन येणाऱ्या भगिनींना आम्ही सांगतो, चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट, मऊ खिचडी द्या. वर थोडे तूप. आरंभी दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. या वयात आईच्या दुधातले लोह अपुरे पडते. म्हणून मीठ-मसाल्याआधी थोडा खिमा बाजूला काढा, नीट शिजवून, बारीक वाटून भरवा. दादीअम्मा मायेने मध चाटवतात. त्यांना अदबीने सांगा, वर्षाच्या आत मध बाळाच्या जिवावर बेतू शकतो. आईचे दूध मात्र तोडू नका. कुरआन शरीफात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची आली आहे.