नफा गोडाऊनमध्ये आहे

तर झालं असं, की या दिवाळीत मामाकडे धावड्याला गेलो होतो. मामेभाऊ जालन्याच्या एमआयडीसीत, सळ्यांच्या कारखान्यात आहे. भंगार वितळवा, सळ्या काढा, असा गरमागरम मामला! पठ्ठ्या घरासाठी कर्ज काढणार होता. ‘दादा, तू पुण्यात हेच काम करतो ना? कंपनी टिकंल का, सांग,’ म्हणत त्याने ताळेबंदाची झेरॉक्स पुढे केली.

नफा वाढलेला, मार्जिन झक्कास. ‘बिनधास्त काढ’ म्हणणार, तेवढ्यात तो सहज बोलून गेला, ‘माल ठेवायला जागा नाही, पण भट्टी काही बंद करीत नाहीत.’

बोंबला! फंडा असा की, माल बनो न बनो, पगार-भाड्याचा महिन्याचा खर्च समजा 10 लाख आणि विक्री 1000 टन. तेवढाच माल बनवला तर सगळे 10 लाख त्या विक्रीवर पडतात. 2000 टन बनवला, की निम्मा खर्च न विकलेल्या मालाच्या किमतीत जाऊन बसतो. नफा 5 लाखांनी वर, एकही सळई जास्त न विकता! आणि हे हिशोबाच्या नियमांत बसतं, बरं का.

मग मी आधीच बघायला हवं होतं ते बघितलं. शिल्लक माल जवळपास दुप्पट. धंद्यातून हातात आलेली रोकड उणे.

‘थांब जरा,’ म्हटलं.

‘म्हणजे नफा खोटा?’

‘खोटा नाही रे. गोडाऊनमध्ये आहे.’

तो काही बोलला नाही. फ्लॅटचं टोकन देऊन झालंय, हे जेवताना मामीकडून कळलं.