शिफ्ट सुटल्यावर बंदूक कुठे?

सकाळी सात वाजता चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या शिफ्टच्या बसेस आणि रात्रपाळी उरकून परतणारे कामगार यांची एकच गर्दी उडते. त्या गर्दीत कधी एखादा गनमॅन दिसतो. गणवेशावर जर्किन, खांद्याला रेक्झिनचे लांबट कव्हर, आत बारा बोअरची डबल बॅरल. बारा तास कंपनीच्या गेटवर सगळ्यांच्या नजरेसमोर असलेली ती बंदूक आता नाणेकरवाडी, मेदनकरवाडी नाहीतर कुरुळीतल्या भाड्याच्या खोलीत जाणार असते. खोलीत आणखी तिघे-चौघे, कॉटखाली पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेला साधे कुलूप.

होमगार्डचे तसे नसते. 1946 च्या डिसेंबरात मुंबईत उभे राहिलेले हे दल पोलिसांना पूरक आणि मानसेवी. बंदोबस्तावरचा होमगार्ड बहुधा काठीवरच असतो. त्याच्या हाती शस्त्र दिलेच, तर ते सरकारी शस्त्रागारातून येते आणि ड्युटी संपली की तिथेच जमा होते. खासगी गनमॅनच्या शस्त्राला असे हक्काचे घर नाही.

याचे कारण परवान्यात आहे. या पट्ट्यातले अनेक गनमॅन माजी सैनिक. शस्त्र त्यांचे स्वतःचे आणि परवाना त्यांच्या जिल्ह्याचा. एजन्सीला माणूस आणि बंदूक एकदमच मिळतात. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवाना मागताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. ती हमी गावच्या घराच्या पत्त्यावर दिलेली असते. लोखंडी कपाट असलेच, तर तेही तिथेच. चाकणच्या खोलीत यातले काही नाही. तीस दिवसांहून जास्त काळ शस्त्रासह मुक्काम हलवला, तर दोन्हीकडच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवण्याची अट आहे. किती एजन्सींनी आपल्या माणसांकडून ती पाळून घेतली आहे?

पाळी बदलतानाची एक सवय याहून धोक्याची. रात्रीचा रिलिव्हर येतो आणि दिवसाचा गनमॅन हातातली बंदूक त्याच्याकडे देऊन मोकळा होतो. शस्त्र संस्थेच्या परवान्यावरचे असेल आणि दोघांचीही नावे त्यावर असतील, तर ठीक. वैयक्तिक परवान्याचे शस्त्र असे दुसऱ्याच्या हाती देणे गुन्हा आहे. ‘मी फक्त ठेवायला दिली होती’ हा बचावही तोकडा पडू शकतो. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (1972) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शस्त्र प्रत्यक्षात दुसऱ्याजवळ असले, तरी त्यावर ताबा चालत असेल तो माणूसही जबाबदार ठरू शकतो.

प्रशिक्षणाकडे पाहावे, तर खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या 2006 च्या केंद्रीय आदर्श नियमांत 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर शिकवायचे होते. त्यात शस्त्र हाताळणी हा विषय ऐच्छिक होता. रोकड वाहतुकीच्या 2018 च्या नियमांनी प्रत्येक गाडीवर दोन सशस्त्र रक्षक सक्तीचे केले आणि शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरायला बंदी घातली. नऊनंतर त्या दोन बंदुकांचे काय, हे एजन्सीनेच ठरवायचे आहे.

उपाय अवघड नाही. गेटच्या सुरक्षा कार्यालयात भिंतीला बोल्टने जखडलेले लोखंडी कपाट हवे आणि बँकेच्या तिजोरीसारख्या दोन किल्ल्या हव्यात, एक परवानाधारकाकडे, दुसरी ड्युटीवरच्या सुपरवायझरकडे. काडतुसे वेगळ्या कप्प्यात, मोजून. डबल बॅरलचा पुढचा लाकडी भाग काढला की नळी दस्त्यापासून सुटते. हे सुटे भाग दोन ठिकाणी ठेवले, तर नुसती नळी चोरून चोराच्या हाती काही लागत नाही. नोंदवहीत वेळ, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि दोन सह्या. ही सगळी व्यवस्था पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला लेखी कळवून पोच घ्यावी.

दुसऱ्या किल्लीचे मोल चोरी टाळण्यापुरते नाही. 31 जुलै 2023 रोजी जयपूर–मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने सरकारी रायफलने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी अशा चौघांचा जीव घेतला. आपल्याला बरे वाटत नाही, असे तो आधी सांगत होता, ही गोष्ट सहकाऱ्याच्या जबाबात आली. सुपरवायझरच्या हाती किल्ली असली, की तापाने फणफणलेल्या, दारू प्यालेल्या किंवा भांडून आलेल्या माणसाला ‘आज हत्यार नाही’ असे सांगता येते. मग तो त्या दिवशी बिनशस्त्र पोस्टवर उभा राहील. हा अधिकार कागदावर असावा आणि तो वापरला म्हणून सुपरवायझरला कोणी बोल लावू नये.

रजेचाही विचार हवा. गावी जाताना शस्त्र बरोबर न्यायचे नसेल, तर ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवता येते. निवडणुकीच्या काळात परवानाधारक पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करतात आणि पावती जपून ठेवतात, म्हणजे ही रीत कोणाला नवी नाही.

कपाटाचा आणि जमा शुल्काचा खर्च कोणी करायचा, यावर एजन्सी आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. या मासिकाच्या मते तो कंपनीने द्यावा आणि करारात वेगळा लिहावा. गनमॅन हवा असे निविदेत तिनेच लिहिलेले असते, आणि सर्वात कमी दराला काम देऊन कपाटाचे पैसे कापणारीही तीच.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकणमधल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी या आठवड्यात एक तास काढावा. आपल्या गेटवरच्या गनमॅनबरोबर त्याच्या खोलीवर जावे आणि बंदूक रात्री कुठे असते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे. कपाटाची ऑर्डर त्याच संध्याकाळी द्यावी.