पर्याय भरपूर, तरी जोडीदार का सापडत नाही?

बोट डावीकडे सरकवले की नकार, उजवीकडे सरकवले की पसंती. २०१२ मध्ये आलेल्या टिंडरने ही पद्धत रूढ केली आणि जोडीदार शोधणे सोपे होईल, असे अनेकांना वाटले. ओळखी सोप्या झाल्या हे खरे, पण ओळखीचे नाते होणे तितके सोपे झालेले नाही. याचे एक कारण आपल्या मनाच्या कामकाजात आहे.

नेदरलँड्समधील प्रॉंक आणि डेनिसन या मानसशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींना एकामागून एक छायाचित्रे दाखवली. पहिल्यापासून शेवटच्या छायाचित्रापर्यंत जाताना होकाराची शक्यता सरासरी २७ टक्क्यांनी घटली. पर्याय वाढले तसे मन चोखंदळ होण्याऐवजी नकाराला सरावले. याला त्यांनी 'नकाराची मनोवृत्ती' म्हटले.

दुसरी अडचण माहितीची. उंची, शिक्षण, आवडीनिवडी जुळल्या की मने जुळतील, असे आपण गृहीत धरतो. २०१७ मधील एका अमेरिकी अभ्यासात शंभरहून अधिक गुणवैशिष्ट्यांची माहिती संगणकाला दिली गेली. तरीही प्रत्यक्ष भेटीत कोणाला नेमके कोण आवडेल, हे त्याला सांगता आले नाही. म्हणजेच प्रोफाइल कितीही बारकाईने वाचले, तरी भेटीला पर्याय नाही.

यात व्यवसायाचाही भाग आहे. ॲप वापरणारा जितका वेळ शोधत राहील, तितकी कमाईची संधी. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी टिंडर आणि हिंजची मालक असलेल्या मॅच ग्रुपवर अमेरिकेत खटला दाखल झाला. ही ॲप व्यसन लागावे अशीच घडवली आहेत, असा त्यात आरोप होता. कंपनीने तो फेटाळला.

म्हणून 'जुने ते सोने' म्हणावे का? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पर्याय मोजके असत, पण अर्ध्या तासात आयुष्याचा निर्णय घ्यावा लागे आणि मुलीचे मत अनेकदा विचारलेही जात नसे. परत घ्यायचा असेल, तर त्यातला फक्त मोजकेपणा घ्यावा.

एका वेळी दोघा-तिघांशीच बोला. लग्न करायचे आहे की नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. आठवडेच्या आठवडे चॅटिंग करण्यापेक्षा सार्वजनिक ठिकाणी भेटा. घरच्यांना किंवा मित्राला कळवून जा. न भेटता कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. पहिली भेट फिकी वाटली, पण काही खटकले नसेल, तर दुसऱ्यांदा भेटून पाहा. साधी ओळख मैत्रीत बदलायलाही सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, असे कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांना आढळले आहे. मग जोडीदाराची पारख काही सेकंदांत कशी होणार?