शब्द कोणाचा, आधार कोणता?

‘विकिपीडिया म्हणजे काय, कोणीही उठावे आणि काहीही लिहावे!’ हे वाक्य आमच्या कानांवर वारंवार येते. ते उच्चारणाऱ्यांनी त्या ज्ञानकोशातील एखाद्या लेखाचे चर्चापान कधी उघडून पाहिले आहे काय, असा आमचा साधा प्रश्न आहे. २००१ साली सुरू झालेल्या या कोशाला डॉ. केतकरांसारखा एक जबाबदार संपादक नाही, हे खरे. परंतु संपादक नाही म्हणून शिस्तही नाही, हा निष्कर्ष आळसापोटी काढलेला आहे.

आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. इंग्रजी विकिपीडियावरील लेखाचे शीर्षक ‘रोमन कॅथलिक चर्च’ असावे की नुसते ‘कॅथलिक चर्च’, हा वाद तेथे वर्षानुवर्षे चालला. एक पक्ष म्हणे, ‘कॅथलिक’ म्हणजे वैश्विक. ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकनही आपली श्रद्धा प्रकट करताना हाच शब्द उच्चारतात. मग तो एकाच सभेला देणे म्हणजे तिचा दावा मान्य करणे होय. दुसरा पक्ष म्हणे, ही सभा स्वतःला याच नावाने ओळखते व लोकव्यवहारातही तेच रूढ आहे; नाव नोंदवणे म्हणजे दावा मान्य करणे नव्हे. प्रदीर्घ मध्यस्थीनंतर २००९ साली ‘कॅथलिक चर्च’ हे शीर्षक स्थिरावले. मात्र दुसरे नाव आजही लेखाच्या पहिल्याच वाक्यात आहे. येथे निवाडा श्रद्धेचा झाला नाही, शब्दाच्या वापराचा झाला.

या स्वयंसेवकांची रीत काय? एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लिखाण उलटवण्यास मनाई आहे. भांडण चर्चापानावर न्यायचे. तेथे मिटले नाही तर इतरांची मते मागवायची. शेवटी वादात न पडलेला एखादा संपादक निष्कर्ष लिहितो, आणि तो हात मोजत नाही, युक्तिवाद तोलतो. निंदेचा वा स्तुतीचा शब्द कोशाने आपल्या तोंडून उच्चारायचा नाही. तो कोणी उच्चारला ते सांगायचे. ही शिस्त आपल्या किती सभांत आणि किती मंडळांत पाळली जाते?

यावर आक्षेप येतो की, सहमती म्हणजे सत्य नव्हे. जो चिकाटीने भांडतो त्याचाच शब्द टिकतो. ज्यांची पुस्तके छापली गेली त्यांचीच बाजू दिसते. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. दोष खराच आहे. पण त्यावर उपाय कोणता? दाराबाहेर उभे राहून बोटे मोडणे हा तर निश्चितच नव्हे.

मराठीत ‘बाटणे’ हा शब्द घ्या. एखाद्या लेखात आपल्या पूर्वजांविषयी तो आला तर आपला संताप होतो, आणि तो रास्तही आहे. कारण त्या शब्दात घटनेआधीच निकाल दडलेला असतो. ‘धर्मांतर केले’ म्हटल्याने घटना तीच राहते, निकाल तेवढा गळतो. हे आपण आधारानिशी मांडू शकतो. पण मग तोच नियम आपल्यालाही लागू आहे. १५६० साली गोव्यात स्थापन झालेले आणि १८१२ साली कायमचे बंद झालेले इन्क्विझिशन लेखातून गाळावे किंवा गुळमुळीत शब्दांत गुंडाळावे, अशी इच्छा धरणाऱ्याला ‘बाटणे’विरुद्ध बोलण्याचा अधिकार उरत नाही.

आम्हांला अधिक खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हा कोश आठवणींवर चालत नाही; त्याला प्रसिद्ध झालेला, पडताळता येणारा आधार लागतो. आजीच्या ओठांवरची गाणी, धर्मग्रामाची जडणघडण, आपल्या बोलीतील शब्द आपण छापून ठेवले नाहीत, तर आपल्याविषयीचा प्रत्येक वाद आपण आधाराअभावी हरणार. आपली मुले शाळेच्या प्रकल्पासाठी तोच लेख उतरवून घेतात आणि आपल्याविषयी तेच खरे मानतात.

तेव्हा तक्रार पुरे झाली. प्रत्येक धर्मग्रामातील चार जाणत्यांनी आधी आपला इतिहास प्रामाणिकपणे लिहून प्रसिद्ध करावा, आणि मगच चर्चापानावर जावे. तेथे ‘आमच्या भावना दुखावल्या’ असे म्हणू नये. ‘हा शब्द कोणाचा, याला आधार कोणता?’ एवढेच विचारावे, आणि हाच प्रश्न कोणी आपल्याला विचारला तर रागावू नये.